बेळगावात रेट्रो मोटारसायकल पारखताना: एकच रस्ता, एकच हवा, तीन-चार गाड्या

रॉयल एनफिल्ड क्लासिक 350 ची ताकद 20.2 बीएचपी, होंडा एचनेस सीबी350 ची 20.8 आणि जावा 350 ची साधारण 22. सीटची उंची अनुक्रमे 805, 800 आणि 802 मिलिमीटर. ब्रोशर शेजारी शेजारी ठेवून रात्रभर वाचलं तरी यातून गाडी निवडता येत नाही. रस्त्यावर मात्र तिघींचा स्वभाव वेगळा आहे. शोरूमच्या दारातून निघून पुढच्या चौकातून वळून येणाऱ्या दोन किलोमीटरच्या चकरेत तो कळत नाही, कारण त्या चकरेत सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. म्हणून सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणे भरून आणि मागे तेच माणूस बसवून चालवायच्या. ही एक गोष्ट पाळली तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी यादी आवळा

पाच-सहा गाड्या चालवल्या की पहिलीचं काहीच आठवत नाही. तीन ठीक, चार म्हणजे फार झालं. जुन्या वळणाची, निवांत चालणारी गाडी हवी असेल तर क्लासिक किंवा बुलेट 350 पैकी एक, होंडाची एक आणि जावा 350 अशी यादी धरा. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक, बुलेट, हंटर आणि मिटिऑर या चौघींत एकच 349 सीसीचं इंजिन आहे. त्यामुळे इंजिन पारखायला चारही चालवायची गरज नाही. एक नीट चालवा आणि बाकीच्यांवर नुसतं बसून पाहा. त्यांच्यातला फरक बसण्याचा, वजनाचा आणि चाकांचा आहे. क्लासिक 195 किलोची, पुढचं चाक 19 इंची आणि मागचं 18. हंटर 181 किलोची, दोन्ही चाकं 17 इंची. खडे बाजार, गणपत गल्लीतल्या गर्दीत हंटर पटकन वळते. खड्ड्यांच्या जांबोटी रस्त्यावर क्लासिकचं मोठं चाक जास्त सरळ राहतं. उंची कमी असेल तर मिटिऑरवर बसून पाहाच, तिची सीट 765 मिलिमीटरवर आहे.

ट्रायम्फ स्पीड 400 दिसायला याच घराण्यातली. पण 398 सीसी आणि 40 पीएस म्हणजे पिकप जवळजवळ दुप्पट, आणि ही ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना येते. तिची तुलना यांच्याशी करणं म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत घोडा उतरवणं. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर जीएसटी 18 टक्के आणि त्यावरच्यांवर 40 टक्के झाला. ट्रायम्फच्या कोटेशनमध्ये हा फरक सरळ दिसतो.

शोरूमला फोन करताना

फोनवर चार प्रश्न विचारा. टेस्ट राईडची गाडी नेमक्या कुठल्या व्हेरियंटची आहे? किती किलोमीटर चालली आहे? विमा चालू आहे का, आणि गाडी पडली तर नुकसान कोण भरणार? मागे माणूस बसवून नेता येईल का?

पहिला प्रश्न महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या गाडीत ब्रेक वेगळे असतात. बुलेट आणि हंटरच्या स्वस्त आवृत्त्यांत मागे ड्रम ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असतो, महागड्यांत दोन्हीकडे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. डिस्कची गाडी चालवून ड्रमची बुक केली तर मिळणारी गाडी तुम्ही चालवलेलीच नसते. किलोमीटरचंही तसंच. 100-150 किलोमीटर चाललेल्या गाडीचं इंजिन आणि गिअर अजून आवळ असतात. दोन-तीन हजार चाललेल्या टेस्ट गाडीचा क्लच शंभर जणांनी ताणलेला असतो. तुलना करायची तर सगळ्या गाड्या साधारण सारख्या चाललेल्या हव्यात. तसं जमत नसेल तर वहीत आकडा लिहून ठेवा आणि गिअरबद्दलचं मत थोडं सैल ठेवा.

मूळ लायसन्स, दोन हेल्मेट, रोज घालता तेच बूट किंवा चप्पल आणि एक छोटी वही सोबत घ्या. जाड तळाच्या बुटांनी पाऊण इंच उंची वाढते आणि 805 ची सीट सोपी वाटते. मग घरी आल्यावर चपलेत पाय टेकत नाहीत.

चावी फिरवण्याआधीची दहा मिनिटं

हवा सगळ्यात आधी. टेस्ट गाड्यांत ती हमखास कमी किंवा जास्त असते. पाच-सहा पीएसआय कमी असली की गाडी वळायला जड लागते, जास्त असली की प्रत्येक खड्डा मनगटात येतो. दोष टायरचा आणि नाव शॉकअपचं खराब. गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं प्रेशर, एकट्याचं आणि दोघांचं, बघून पंपावर भरून घ्या. सेल्समन कंटाळला तरी चालेल.

मग चेन. गाडी स्टँडवर घेऊन खालच्या बाजूला चेन मधोमध वर-खाली हलवा. साधारण 25 ते 35 मिलिमीटर हलली तर ठीक. त्याहून सैल असेल तर कमी वेगात गाडी हिसके देईल आणि तुम्ही इंजिनला नावं ठेवाल. क्लच लिव्हरच्या टोकाला सेंटीमीटरभर मोकळी चाल असावी. ती अजिबात नसेल तर क्लच घसरतो, जास्त असेल तर न्यूट्रल सापडत नाही.

आता गाडी बंद ठेवून ढकला. शोरूमच्या उतारावरून मागे ओढून रस्त्यावर आणा, कुणाचीही मदत न घेता. 195 किलो चालवताना जाणवत नाहीत, पण आपल्याकडच्या जुन्या घरांच्या चिंचोळ्या बोळातून रोज गाडी काढताना नक्की जाणवतात. डबल स्टँड असेल तर त्यावर चढवून पाहा. हाताने उचलायची नाही, स्टँडच्या पायावर पूर्ण वजन टाकायचं. दोन प्रयत्नांत चढली नाही तर रोज रात्री तुम्ही साईड स्टँडच लावणार आहात, तेव्हा ती किती कलते तेही बघा.

शेवटी दहा मिनिटं सीटवर नुसतं बसा. रेट्रो गाड्यांचा फोम दिसायला जाड असतो, पण पहिल्या दोन मिनिटांत मऊ वाटणारा फोम पाऊण तासाने दबतो आणि खालचा पत्रा लागतो. मांडीच्या आतल्या बाजूला सीटची कड टोचते का तेही इथंच कळतं. सीटची उंची सारखी असूनही रुंद सीटवर पाय कमी टेकतात. ब्रोशरमध्ये रुंदी नसते.

रस्ता कसा निवडावा

शोरूमकडून साधारण पाच-सात किलोमीटर मिळतात. त्यात गर्दी, चढ, स्पीडब्रेकर आणि मोकळा पट्टा ही चार अंगं बसवायची. बेळगाव शहरात हे जमतं: चन्नम्मा सर्कलकडची गर्दी, कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ, मग शहापूर-वडगावच्या गल्ल्या आणि येळ्ळूर रस्त्याचा मोकळा भाग. टिळकवाडीच्या बाजूने निघणाऱ्यांना रेल्वे गेट, उद्यमबागेतल्या ट्रकांची वर्दळ आणि पिरनवाडीपर्यंतचा खानापूर रस्ता मिळतो. शोरूमने तासभर गाडी दिली तर येळ्ळूरवरून राजहंसगडाच्या पायथ्याला जा. गडाचा शेवटचा चढ आणि त्यावरची वळणं पाच मिनिटांत गाडीचं खरं रूप दाखवतात.

निपाणीकरांना तवंदी घाट जवळ, संकेश्वर-हत्तरगीकडच्यांना वंटमुरी घाट. चिक्कोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात चढ फारसे नाहीत. तिथं गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकून दहा-पंधराच्या वेगाने रांगावं लागतं आणि रस्त्यावर उसाची पाचट, चिखल पडलेला असतो. तिथल्यांनी कमी वेगाच्या चाचणीला जास्त वेळ द्यावा. खानापूर-जांबोटी-कणकुंबीकडच्यांचा प्रश्न वेगळा. तिथं चार महिने धो-धो पाऊस, तांबडी माती आणि चोर्ला घाट. त्यांनी मडगार्ड, टायर आणि ब्रेक यांवर डोळा ठेवावा. ज्याचा जो रस्ता, त्याची ती परीक्षा.

वेळ शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी एक. ऊन असतं, गर्दी असते, इंजिन तापतं. सकाळी सातच्या गारव्यात कुठलीच गाडी तापत नाही.

कमी वेगातली चाचणी

माझ्या मते या गाड्यांची खरी निवड इथंच होते. तिसऱ्या गिअरमध्ये 25 च्या वेगाला या, क्लचला हात न लावता हळूच रेस द्या. गाडी न कुरकुरता उचलते की हिसका देऊन चेन वाजवते? मग चौथ्यात 35 ला तेच करा.

होंडा इथं सगळ्यात गुळगुळीत. 30 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, तिला 3000 आरपीएमलाच मिळतो, कारण तिच्या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) लांब आहे: बोअर (सिलिंडरची रुंदी) 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90.5. क्लासिकचाही लांबच, 72 गुणिले 85.8. तिचा 27 न्यूटन मीटर टॉर्क 4000 ला येतो, पण त्याच्या बऱ्याच खालीही ती सुखाने ओढते. जावाचं 334 सीसीचं इंजिन उलट्या स्वभावाचं. बोअर मोठा, स्ट्रोक आखूड, गिअर पाचाऐवजी सहा. ते फिरवत ठेवलं की खूष असतं, वरच्या गिअरमध्ये रांगायला लावलं की नाराज. उसाच्या ट्रॉलीमागे जावाला एक गिअर खाली ठेवावा लागतो. तो दोष नाही, पण रोज तसं चालवायचं असेल तर माहीत हवं.

त्यानंतर यू-टर्न. बारा-चौदा फुटी गल्लीत, पाय न टेकता, दोन्ही बाजूंना एकेकदा. होंडा आणि जावाचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, 1440 मिलिमीटरच्या आसपास, क्लासिकचा 1390 आणि हंटरचा 1370. आकड्यात दोन इंचांचा फरक, पण गल्लीत तो एक जास्तीची मागे-पुढे मागतो.

कपिलेश्वर पुलाच्या चढावर गाडी थांबवा आणि पुन्हा सोडा. क्लच किती सोडल्यावर गाडी उचलते, हात किती दुखतो, इंजिन बंद पडतं का हे बघा. होंडाला असिस्ट-स्लिपर क्लच असल्याने तिचं लिव्हर हलकं लागतं. चौकात दहा वेळा क्लच दाबल्यावरच फरक कळतो, म्हणून गर्दी टाळू नका.

गिअरचीही परीक्षा याच टप्प्यात. थांबलेल्या गाडीत दुसऱ्यातून न्यूट्रल पाच वेळा शोधा. पाचपैकी चार वेळा मिळालं तर ठीक. क्लासिक आणि बुलेटला टाच-पंजाचा गिअर आहे, हंटरला फक्त पंजाचा. चपलेवर गाडी चालवणाऱ्याला पंजाने वर उचलायचा गिअर महिनाभरात अंगठ्यावर खूण पाडतो. आणि जुन्या बुलेटवर उजव्या पायाने गिअर टाकायची ज्यांना सवय आहे, त्यांनी पहिली पाच मिनिटं मोकळ्या मैदानात घालवावी. नव्या सगळ्या गाड्यांचा गिअर डावीकडे आहे आणि घाईच्या क्षणी जुना पाय ब्रेकऐवजी गिअर दाबतो.

ब्रेक

मोकळा, कोरडा, मागे कुणी नसलेला पट्टा शोधा. आधी तीन-चार वेळा हलके ब्रेक मारून पॅड तापवा. मग एखाद्या खांबापाशी 50 च्या वेगाने पोहोचून दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, थांबल्यावर खांबापासून पावलं मोजा. दोनदा करा आणि सरासरी लिहा. पावलांचा आकडा अचूक नसतो, पण सगळ्या गाड्यांना तोच खांब आणि तीच पावलं असल्याने तुलनेला पुरतो. पुढचं लिव्हर किती ओढल्यावर ब्रेक लागायला लागतो आणि किती जोर लागतो हेही लिहा. पहिल्यांदा हात लावताना काही गाड्यांचा पुढचा ब्रेक लाकडासारखा वाटतो. ते पॅडमुळे असतं आणि पुढं काही शे किलोमीटरला थोडं सुधारतं.

मग रस्त्याच्या कडेला जिथं बारीक खडी आहे तिथं 20-25 च्या वेगाने, सरळ रेषेत, फक्त मागचा ब्रेक दाबा. मागच्या चाकाला एबीएस असेल तर पायाला थरथर जाणवते आणि गाडी सरळ राहते. नसेल तर चाक अडकून शेपूट हलते. पावसाळ्यात जांबोटीच्या तांबड्या चिखलावर हेच होणार आहे. दोन्ही चाकांचा एबीएस परवडत असेल तर या भागात तो घ्यावा, बाकी सजावट कमी करून का होईना.

उतारावर इंजिन ब्रेकिंग पाहा. 45 च्या वेगात तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून क्लच सोडा. मागचं चाक उसळतं का? चोर्ला किंवा तवंदी उतरताना सारखा ब्रेक दाबून पॅड तापवण्यापेक्षा हेच जास्त वेळा वापरलं जातं.

मोकळ्या रस्त्यावर

चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा ताशी 80 आहे. चाचणी तिथपर्यंतच करा, त्यापुढं या गाड्यांकडून मागण्यासारखंही फार नाही. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, आणि तोही प्रत्येक गाडीत वेगळा. मागे बसलेल्याने मोबाईलवर जीपीएसचा वेग वाचून सांगावा, नाहीतर एका गाडीचे 80 दुसरीच्या 76 शी तोलले जातील.

60 आणि 80 ला तीन ठिकाणी लक्ष द्या: हातातली पकड, पायाखालची पायरी आणि टाकीला चिकटलेले गुडघे. आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो का? क्लासिकच्या 2021 पासूनच्या इंजिनात कंप कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे. त्याआधीच्या 346 सीसीच्या इंजिनाची झिणझिण जिच्या मनात आहे, त्या व्यक्तीला नवी गाडी ओळखूही येणार नाही. मित्राच्या 2015 च्या क्लासिकवरून मत बनवू नका.

टॉप गिअरमध्ये 50 ला असताना पूर्ण रेस देऊन 75 पर्यंत किती वेळ लागतो ते मागच्याने मनात मोजावं. ट्रकला मागे टाकायला लागणारा वेळ तो हाच. जावात हे पाचव्या आणि सहाव्या दोन्ही गिअरमध्ये करा.

मागे बसणाऱ्याचा कौल

आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. घरातलं जे माणूस नेहमी मागे बसणार आहे तेच न्या, आणि ते साडी नेसून एका बाजूला बसत असेल तर तसंच बसवा. डावीकडे एकाच बाजूला दोन्ही पाय ठेवायची पायरी आणि साडी गार्ड आहे का पाहा. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि धरायला हँडल हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर विचारा.

रॉयल एनफिल्ड आणि होंडाचा सायलेन्सर उजवीकडे आहे. जावा 350 ला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना. दिसतात देखणे, पण डावीकडे पाय सोडून बसणाऱ्याच्या पोटरीपासून किंवा पदरापासून गरम नळी किती दूर राहते ते वीस मिनिटं चालवल्यावर बघावं लागतं.

दोघांच्या वजनाने स्पीडब्रेकर 20 च्या वेगाने ओलांडा. मागून ‘ठक्क’ असा आवाज आला तर शॉकअप तळाला लागला. लगेच नापास करू नका. मागच्या दोन्ही शॉकअपची स्प्रिंग टप्प्याटप्प्याने कडक करता येते. दोन टप्पे वाढवून पुन्हा जा, दोन्ही बाजूंचे टप्पे सारखे ठेवून. तरीही लागला तर मात्र लिहून ठेवा.

गावाकडं गाडीवर माणसाबरोबर सामानही येतं. 45 किलोचं युरियाचं पोतं बुलेटच्या लांब सपाट सीटवर आडवं बसतं. क्लासिकच्या दोन तुकड्यांच्या सीटवर ते डुलतं.

उष्णता, पाऊस, पंक्चर

वीस मिनिटं चालवून आल्यावर गाडी तीन मिनिटं चालू ठेवून उभी करा, पाय जागेवरच. एनफिल्ड आणि होंडाचं इंजिन हवेवर थंड होतं, उभ्या गाडीत उष्णता हळूहळू मांडीकडे चढते. जावाला पाण्याचा रेडिएटर आणि पंखा आहे. पंखा लागला की गरम झोत नडगीवर येतो, पण चालू लागताच जातो. कुठलं सोसवतं हे ज्याचं त्याने ठरवायचं.

खानापूर तालुक्यात राहणाऱ्यांनी मडगार्डची लांबी बघावी. क्लासिक-बुलेटचं लांब पत्र्याचं मडगार्ड तांबडं पाणी अंगावर येऊ देत नाही. हंटर आणि होंडाचीच सीबी350आरएस यांची आखूड शेपूट पाठीवर नक्षी काढते. क्रोम आणि तारांच्या चाकांवर पावसाळ्यात गंज धरतो. टेस्ट गाडी जुनी असेल तर सायलेन्सरच्या वळणाखाली आणि तारांच्या मुळाशी बोट फिरवून बघा, पुढच्या दोन वर्षांचं चित्र तिथं आधीच दिसतं.

तारांचं चाक म्हणजे बहुतेक वेळा ट्यूबचा टायर, अलॉय म्हणजे ट्यूबलेस. ट्यूब पंक्चर झाली की चाक काढावं लागतं. ट्यूबलेसमध्ये रस्त्याच्या कडेला दोरी घालून दहा मिनिटांत निघता येतं. कणकुंबीच्या पुढं घाटात संध्याकाळी पंक्चर झाल्यावर तारांच्या चाकाची शोभा कुणी बघत नाही. चोर्लामार्गे वरचेवर गोव्याला जाणाऱ्यांना आमचा सरळ सल्ला अलॉयचा.

टाकी क्लासिकची 13 लिटर, होंडाची 15. लिटरला 30 चा हिशोब धरला तर 390 आणि 450 किलोमीटर. बेळगाव-पुणे दोन्ही एका टाकीत जातात, पण होंडा निवांत जाते.

वही

गाडी उभी केल्यावर सेल्समनशी बोलण्याआधी पाच मिनिटं लिहा. एकदा ऑफरचं बोलणं सुरू झालं की मनगटाचं दुखणं विसरायला होतं. रांगणं, वळणं, क्लच-गिअर, ब्रेकची पावलं, कंप, सीट, उष्णता, मागच्याचं मत: प्रत्येकाला पाचपैकी गुण द्या आणि शेजारी एक ओळ लिहा. ओळ गुणांपेक्षा कामाची असते.

आणि एक गोष्ट जी फार कमी जण करतात. शेवटची गाडी चालवून झाली की पहिली पुन्हा चालवा, दोन किलोमीटर का होईना. पहिली गाडी नेहमी जड आणि परकी वाटते, कारण हात तेव्हा स्वतःच्या जुन्या गाडीच्या सवयीत असतो. तीन गाड्यांनंतर ती पुन्हा हातात घेतली की अर्ध्या लोकांचे गुण बदलतात.

घरात मैसूरला बनलेली येझदी असेल तर तिच्याशी नव्या जावाची तुलना होणारच. आयडियल जावाचा तो कारखाना 1996 साली बंद झाला. त्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या, आताच्या फोर-स्ट्रोक आहेत. आवाज, वास, पिकप यांत नातं शोधू नका, टाकीच्या वळणात ते आहे.

कोटेशन आणि सीमा

सगळी कोटेशन ऑन-रोड घ्या आणि एक्स-शोरूम, आजीवन कर, नोंदणी, विमा, नंबर प्लेट आणि अ‍ॅक्सेसरी वेगवेगळ्या ओळीत लिहून मागा. कर्नाटकात एक लाखावरच्या मोटारसायकलीला आजीवन कर 18 टक्के, त्यावर उपकर. महाराष्ट्रात दर कमी आहे, म्हणून निपाणी-चिक्कोडीकडचे बरेच जण कोल्हापूरच्या किमतीकडे बघतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 प्रमाणे नोंदणी तुम्ही राहता किंवा व्यवसाय करता आणि गाडी जिथं ठेवता त्या राज्यातल्या आरटीओकडे करायची असते. कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि तिथला करही भरावा लागतो. पाहुण्यांच्या पत्त्यावर कोल्हापूरचा एमएच 09 नंबर घेऊन कायम बेळगावात फिरवायचा बेत असेल तर तो हिशोब आताच मांडा. विम्यात थर्ड पार्टी पाच वर्षांची सक्तीची आहे, स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र दुसऱ्या कंपनीकडून घेता येतो, तिथं भाव करा.

सीबी350 मालिका होंडाच्या बिगविंग या मोठ्या गाड्यांच्या वेगळ्या दालनातच मिळते. साध्या अ‍ॅक्टिव्हाच्या शोरूममध्ये तिची सर्व्हिस गृहीत धरू नका. जवळचं बिगविंग कुठं, क्लच केबल आणि ब्रेक पॅड आज स्टॉकमध्ये आहेत का, हे पार्ट्सच्या काउंटरवर स्वतः जाऊन विचारा. एनफिल्डचं काम येणारा मिस्त्री मोठ्या गावात सापडतो, जावाचा शोधावा लागतो.

गाडी ठरली आणि ताब्यात घ्यायचा दिवस आला की चासीस नंबर कागदाशी जुळवा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. तो फार जुना असेल तर गाडी गोदामात उभी होती, बॅटरीही तपासून घ्या. मग पहिल्या 500 किलोमीटरपर्यंत एकाच वेगात लांब पळवू नका, टॉप गिअरमध्ये कमी वेगात ओढू नका, आणि पहिल्या सर्व्हिसला चेनचा ताण तुमच्यासमोर मोजून घ्या.